सारीतालचा धाकटा क्लेमेन्स

सारीतालच्या शाळेत सकाळची प्रार्थना ज्या संताच्या नावावर संपायची, त्याला रोमच्या पोपनंही ओळखलं नसतं. सिस्टर बेआता वेदीजवळ उभी राहून एकेका संताला हाक मारायची. संत योसेफ, संत अ‍ॅना, संत आन्तोनी. पोरं झोपाळू आवाजात एका सुरात म्हणायची, “आमच्यासाठी विनंती कर.” सगळे मोठमोठे संत आटोपले आणि सिस्टरनं पुस्तक मिटलं, की मागच्या बाकावरून एक घोगरा आवाज यायचा, “आणि आमच्या धाकट्या क्लेमेन्सा!” पोरं याच नावाची वाट बघत असायची. सगळी झोप उडून खिडक्यांच्या काचा थरथरतील एवढ्यानं ती ओरडायची, “आमच्यासाठी विनंती कर!” मग दप्तरं उचलून धावत वर्गात.

तो घोगरा आवाज ओटिलिया बाउमानचा. पोरं तिला ओमा म्हणत, म्हणजे आजी, आणि पोरांचं ऐकून सगळं गावच तिला ओमा म्हणायला लागलं होतं. शाळेत तिचं काम पोरांचे कोट, बूट आणि हातमोजे सांभाळायचं. कझाक मुलखातल्या सारीतालच्या माळावर हिवाळा सहा-सात महिने मुक्काम ठोकतो, त्यामुळं या कामाला कुणी हलकं समजू नये. ओले हातमोजे खोली गरम करायच्या, विटांनी बांधलेल्या भट्टीवर ओळीनं वाळत घालायचे आणि मधल्या सुट्टीत ज्याचे त्याला द्यायचे. हे करताना तिचं तोंड अखंड चालू असायचं. “हा कुणाचा? एकच आहे. दुसरा काय लांडग्यानं नेला? तुझ्या आईनं रात्र रात्र बसून विणायचे आणि तू माळावर पेरून यायचंस!” बोलणं तिखट होतं, पण तिच्या हातात आलेला हातमोजा गरम झाल्याशिवाय परत जात नसे.

शाळा तशी नवीच. सोविएत राज्य मोडलं, आणि जुन्या सामुदायिक शेतीच्या कचेरीत पोलंडहून आलेल्या दोन सिस्टरांनी शाळा मांडली. जिथं हिशेबनीस बसून गव्हाची पोती मोजायचा, तिथं आता वेदी होती. शाळेत जर्मन पोरं होती, पोलिश होती, रशियन होती, बाप कझाक आणि आई युक्रेनी अशीही होती. जर्मन मात्र दरसाल कमी होत चालले होते. ज्यांच्या आजा-आजीला युद्धात, जर्मन म्हणून, व्होल्गाकाठून उचलून इथं आणून टाकलं होतं, ते आता घरंदारं विकून जर्मनीला निघाले होते. ओमाचा भाचाही तिकडून दर नाताळाला बोलवायचा. ओमा म्हणायची, “क्लेमेन्सला इथं टाकून येऊ? सगळी कामं त्याच्यावर सोपवून ठेवलीत मी.”

सिस्टर बेआता नवी आली तेव्हा तिला हे क्लेमेन्स प्रकरण काही झेपलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, इथला कुणी हुतात्मा असेल. तिनं विचारलं तेव्हा एका पोरानं गंभीरपणे सांगितलं, “तो लहान आहे, सिस्टर. पण काम पटकन करतो. भागाकारात तोच आमच्या पाव्वला पास करतो.” तेव्हा बेआतानं फादर लेशेककडं तक्रार नेली. फादर जिल्ह्याच्या गावाहून दर रविवारी खिळखिळ्या गाडीतून यायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, “तिचा तान्हा मुलगा तो. बाप्तिस्मा होऊन गेला. बाप्तिस्मा झालेलं तान्हं मूल गेलं तर सरळ देवाजवळ जातं, हे तर तूच शिकवतेस ना? मग झालं. तो संतच आहे. पुस्तकात नसला म्हणून काय झालं?” महिन्याभरात बेआता स्वतःच त्याच्यापाशी मागणं मागायला लागली.

क्लेमेन्सची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. युद्धाच्या पहिल्या शरदात तो मालगाडीच्या डब्यात जन्मला, कुठल्या मुलखात ते गाडीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सारीतालला उतरवलं तेव्हा ओटिलिया वीस वर्षांची होती आणि पोर तिच्या कोटाच्या आत होतं. लोकांनी जमिनीत खड्डे खणले, वर गवताची ढेकळं टाकली, आणि त्यालाच घर म्हटलं. नवरा अलोइस, त्याला लाकूडतोडीच्या छावणीत नेलं तो नेलाच. जानेवारीत पोर आजारलं. फादर तर कुठल्या कुठं, आणि बादलीतलं पाणी गोठून दगड झालेलं. तेव्हा ओटिलियानं बाहेरून बर्फ आणून त्याच्या डोक्यावर चोळला, बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले, आणि मग तो गेला. देवदूत होऊन गेला, असं तिची सासू सगळ्यांना सांगत सुटली. त्या हिवाळ्यात खड्ड्याखड्ड्यांतून माणसं मरत होती आणि कुणाला धड निरोपही मिळत नव्हता. त्यात निदान एक पोर तरी नीट गेलं, एवढाच सगळ्यांना आधार होता.

लहान मूल असलेल्या बायकांना कामाच्या छावण्यांत नेत नसत. मूल गेलं, म्हणून ओटिलियालाही नेलं, कोळशाच्या खाणीवर. असला हिशेब करणाऱ्याचं तोंड बघू नये माणसानं. युद्ध संपल्यावर कित्येक जण दुसरीकडं गेले. ती मात्र सारीतालला परत आली, कारण इथं माळाच्या कडेला वीतभर मातीचा एक उंचवटा होता.

आणि मग ती त्या पोराशी बोलायला लागली. आई घरातल्या थोरल्या मुलाला कामं सांगते, तशी ती क्लेमेन्सला सांगायची. गाय अडली की म्हणायची, “क्लेमेन्स, ऊठ, बसलास काय तिकडं?” कोळशाची गाडी आली नाही की, “तुझा तिकडं एवढा वशिला आहे, त्याचा काही उपयोग करशील की नाही?” आणि काम झालं की दोन शब्द बरे बोलायची. ज्या काळात गावात फादर नव्हते, रविवारची मिस्साप्रार्थना नव्हती आणि जपमाळ सापडली तर चौकशी व्हायची, त्या काळात पडदे ओढून पोरांचे बाप्तिस्मे ओमानंच केले. मेलेल्यांच्या उशाशी तीच बसली. ईस्टरची अंडी कांद्याच्या सालीत रंगवायची आणि सोमवारी पोरं शाळेत जाण्याआधी त्यांची बोटं राखेनं घासून काढायची, कारण मास्तर रंगलेली बोटं तपासायचे. तिच्या हातचा बाप्तिस्मा म्हणजे अर्धं न्हाणंच. पाणी कोमट हवं आणि तांब्याभर हवं. मनगटावर ओतून बघायची, मग पोराच्या डोक्यावरून असं ओतायची की आईचा झगा, कोट, सगळं भिजायचं. बाया म्हणायच्या, “ओटिलिया, थेंबभर पुरतं की गं!” ती म्हणायची, “पुरत नाही.” एवढंच.

त्या वर्षी ऑक्टोबरातच बर्फ पडला होता. सिस्टर बेआता पोरांना बाप्तिस्मा शिकवत होती आणि ओमा वर्गाच्या मागं भट्टीवर हातमोजे पालटत होती. सिस्टरची शिकवायची पद्धत मजेची. पोरांना हसवत हसवत ती नेमकं काय ते डोक्यात घालायची.

“समजा एखादा माणूस मरायला टेकलाय आणि त्याला बाप्तिस्मा हवाय. फादर नाहीत. मग कोण देऊ शकतं?”

“ओमा!” सगळा वर्ग ओरडला.

“ओमाही देऊ शकते, तुम्हीही देऊ शकता. कुणीही. पण काय लागतं?”

“पाणी!”

“शाब्बास. आणि पाणी नसलं तर? चहा चालेल?”

“नाही!”

“दूध?”

“नाही!”

“माझ्या बाबांची व्होडका?” पाव्व म्हणाला, आणि वर्ग खिदळून बाकांवर पडला. सिस्टरलाही हसू आवरेना.

पुढच्या बाकावरच्या वीकानं हात वर केला. दोन पिवळ्या वेण्यांची, सगळं खरं मानणारी पोर ती. “सिस्टर, बाहेर एवढा बर्फ आहे. बर्फ चालेल?”

“चांगलं विचारलंस,” सिस्टर म्हणाली. “नाही चालत. पाणी वाहायला हवं. बर्फ घट्ट असतो, तो वाहत नाही. बर्फ लावला तर तो बाप्तिस्मा होतच नाही. कळलं?”

“कळलं!”

ओमाच्या हातात कुणाचा तरी लाल हातमोजा होता. तो तिनं भट्टीवर ठेवला, आणि तो करपून वास सुटेपर्यंत तिथंच ठेवून ती उभी राहिली. पोरं नाक दाबून ओरडायला लागली तेव्हा तिनं तो उचलला. ज्याचा होता त्या पोरानं भीतभीत तिच्याकडं पाहिलं, पण ओमा काही बोलली नाही. गावात पहिल्यांदाच असं झालं असेल.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत सिस्टरनं पुस्तक मिटलं. पोरांनी छात्या भरून श्वास घेतले. मागून आवाज आला नाही. पोरं तशीच थांबली, तोंडं उघडी. कुणी तरी मागं वळून पाहिलं. ओमा खाली बघून रुमालाची गाठ बांधत होती. शेवटी सिस्टरनं क्रूसाची खूण केली आणि पोरं हळूहळू उठली.

तिसऱ्या दिवशीही तेच. सिस्टरला वाटलं, ओमाचा घसा बसला असेल. तिनं मध घालून चहा दिला. ओमानं तो निमूट प्यायला, हे तर फारच वाईट लक्षण होतं. चहा पातळ आहे, मध भेसळीचा आहे, पोलंडात लोकांना चहा येतच नाही, यातलं एक अक्षर नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला मृतांचा दिवस येतो. शाळेत त्या दिवशी पोरांनी आणि गावातून आलेल्या बायांनी, प्रत्येकानं उभं राहून आपल्या घरातल्या गेलेल्यांची नावं घ्यायची, मेणबत्ती लावायची, आणि सगळ्यांनी त्यांच्या आत्म्याला शांती मागायची, अशी पद्धत. पोरं एक-दोन नावं घेऊन बसतात. ओमाची पाळी आली की पोरं आरामात टेकून बसायची, कारण तिची नावं लवकर संपत नसत. आई, बाप, सासू, अलोइस, बहिणी, खाणीत मेलेल्या मैत्रिणी, ज्यांच्यामागं नाव घ्यायला कुणी उरलं नाही असे शेजारी. क्लेमेन्सचं नाव मात्र त्यात कधीच नसायचं. कुणी विचारलं तर ओमा फणकारायची, “त्याला काय गरज आपल्या प्रार्थनेची? आपल्याला त्याची गरज आहे!”

त्या दिवशी ती उभी राहिली. आई, बाप, सासू, अलोइस. सगळी नावं झाली. बसायच्या आधी तिनं समोरच्या बाकाची कड धरली आणि म्हणाली, “आणि क्लेमेन्स.”

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. वीका शेजारच्या पोरीला कुजबुजली, “तो मेला?” पोरांना बिचाऱ्यांना तो मेलाय हे कधी जाणवलंच नव्हतं. सिस्टर बेआता हातातली पेटती काडी बोटाला चटका बसेपर्यंत धरून उभी होती. काहीतरी झालं होतं, आणि ते मोठं होतं, एवढं तिला कळलं. काय, ते कळेना.

त्याच दुपारी ती कुल्याशकडं गेली. कुल्याश म्हणजे ओमाची शेजारीण, म्हातारी कझाक बाई. दोघींचं भांडण आणि मैत्री दोन्ही पन्नास वर्षं जुनी. कुल्याश चुलीपाशी बसून तेलात पोळ्या तळत होती. गेलेल्यांच्या नावानं शुक्रवारी अशा पोळ्या तळून शेजारीपाजारी वाटायच्या, ही तिच्या घरची रीत.

“आपा, ओमाला काय झालंय?” सिस्टरनं विचारलं. “क्लेमेन्सचं नाव आज तिनं मृतांत घेतलं.”

“मग? मेलेल्याचं नाव मेलेल्यांत घेणार नाही तर कुठं?” कुल्याश म्हणाली. “मी तर दर शुक्रवारी घेते. ही बघ, ही पोळी त्याची. तू खा.” मग पोळी उलटता उलटता ती पुढं बोलत गेली. “माझ्या बापानं खणली त्याची कबर. जमीन अशी गोठलेली की कुदळ उडून परत यायची. त्यानं आमच्या हिवाळ्याच्या शेणी तिथं नेऊन पेटवल्या, माती मऊ केली, मग खणलं. आई बापाला बोललीही नाही त्यावरून. आम्ही तो हिवाळा कुडकुडत काढला. मी लहान होते, पण आठवतं मला. ओतिलचे हात लालभडक झाले होते. बर्फानं केलं होतं ना तिनं, तुमचं ते पाण्याचं.”

सिस्टर बेआताच्या हातातली पोळी तशीच राहिली. “बर्फानं?”

“पाणी नव्हतं म्हणून बर्फ. बर्फ म्हणजे पाणीच की! का, काय झालं? तोंड का असं पांढरं पडलं तुझं?”

सिस्टर घरी कशी आली ते तिचं तिला आठवत नव्हतं. आपण वर्गात काय बोललो आणि भट्टीजवळ कोण उभं होतं, हे एकदम तिच्यासमोर आलं. शब्द आणि धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही म्हणतात. पण या बाईनं तो बाण पोरांना हसवता हसवता सोडला होता, आणि कुणाच्या काळजात घुसला ते तिनं बघितलंही नव्हतं.

रविवारी फादर लेशेक गाडीतून उतरताच तिनं त्यांना गाठलं. त्यांनी ओव्हरकोटही काढला नव्हता. सगळं ऐकून ते जरा विचारात पडले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, पण बर्फ कशावर लावला? पोराच्या डोक्यावर ना? तान्हं पोर, त्यातून तापलेलं. बर्फ ऊन अंगावर लावला की वितळतोच. वितळला म्हणजे पाणी झालं. पाणी झालं म्हणजे वाहिलं. मग अडचण काय राहिली? जा, सांग तिला. मिस्सेच्या आधी सांग, म्हणजे बिचारी आनंदानं बसेल.”

सिस्टर बेआता धावतच सुटली. बर्फातून, बिनाटोपी, सिस्टरांना शोभणार नाही अशी. ओमा तेव्हा घरी शेवयांसाठी पीठ लाटत होती. सिस्टर दारातच बोलायला लागली. सगळं एकदम, धापा टाकत. मी वर्गात बोलले ते अर्धंच होतं, ओमा. मला माफ करा. फादर म्हणतात, बर्फ त्याच्या अंगावर वितळला असणार. वितळला म्हणजे ते पाणीच. तुमचा क्लेमेन्स जिथं होता तिथंच आहे. देवाजवळ.

ओमा लाटणं हातात धरून ऐकत राहिली. तिनं खुर्ची पुढं सरकवली. “बस. आधी बस. केसांत बर्फ गेलाय तुझ्या.”

सिस्टर बसली. तिला वाटलं, आता ओमा रडेल आणि आपणही रडू, आणि मग दोघी मिळून चर्चला जाऊ.

“वितळला नव्हता,” ओमा म्हणाली.

सिस्टरला आधी कळलंच नाही.

“सकाळी जाग आली तर तो रडत नव्हता. म्हटलं, झोपलाय. ताप उतरला असेल. मग हात लावला.” ओमा पिठाचे हात एकमेकांवर चोळत होती. “बाहेर धावले. ओंजळभर बर्फ आणला. डोक्यावर ठेवला, बापाच्या नावानं. परत ठेवला, पुत्राच्या नावानं. तिसऱ्यांदा. आणि बघत बसले. वितळेल, आता वितळेल. खिडकीच्या चौकटीवर राहतो ना बर्फ, तसा राहिला तो. पांढरा. मग सासूची चाहूल लागली, तेव्हा मी तो हातानं झटकून टाकला. तिनं विचारलं, बाप्तिस्मा केलास? म्हटलं, केला. तिनं विचारलं, मग गेला? मी मान हलवली. ती गुडघ्यांवर बसली आणि देवाचे आभार मानायला लागली. आता सांग, त्या म्हातारीला मी काय सांगायचं होतं?”

सिस्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिनं ओमाचे पिठाचे हात धरले. देव संस्कारांनी बांधलेला नाही, त्याची दया सगळ्यांत मोठी, आईची इच्छाही त्याला पोचते, जे जे तिला शिकवलं होतं ते ते तिनं सांगितलं, आणि ते सगळं तिला खरंच वाटत होतं.

“असेलही,” ओमा म्हणाली. “तू शिकलेली आहेस, खोटं सांगायची नाहीस. मीही स्वतःला हेच सांगत होते. बर्फ म्हणजे पाणीच. आणि श्वास कुणी मोजलाय, एखादा राहिलाही असेल आत. इतकी वर्षं निभावलं त्यावर. पण त्या दिवशी तू वर्गात बोललीस आणि सगळी पोरं म्हणाली, कळलं. मग मलाही कळलं.” ती थांबली. “मला माझं काही नाही गं. पण मी त्याला कामाला लावलं. गाय वाचव, कोळसा आण, याला पास कर, त्याला बरं कर. पन्नास वर्षं राबवलं त्याला. आणि तो बिचारा तिकडं दाराबाहेरच उभा असेल तर? एवढंसं पोर. आणि आई आत पोचवायचे निरोपांवर निरोप धाडतेय. स्वतः आत जायला मिळालं नाही, ते कुणाला सांगणार तो?”

 

चर्चची घंटा वाजली. ओमानं हात धुतले, रुमाल बांधला. दारात ती म्हणाली, “शाळेत आता त्याचं नाव नको. पोरांनी विचारलं तर सांग, ओमा म्हातारी झाली. फादरना सांग, ओमाला आनंद झाला. ते चांगले आहेत, त्यांची मिस्सा कशाला बिघडवायची?”

सोमवारी सकाळी शाळेच्या प्रार्थनाघरात अजून उजाडलेलं नव्हतं. वेदीवर दोन मेणबत्त्या होत्या. सिस्टर बेआतानं आळवणी सुरू केली. तिचा आवाज बसला होता. रडून रडून बसला होता, पण पोरांना वाटलं थंडीनं. संत योसेफ, संत अ‍ॅना, संत आन्तोनी. आमच्यासाठी विनंती कर. पुस्तक मिटायची वेळ आली. पोरांना काय सांगायचं ते सिस्टरनं ठरवून ठेवलं होतं, दोन वाक्यं, आणि ती काही केल्या तोंडातून निघेनात. पोरं थांबली होती. मागं ओमा मांडीवरच्या ओल्या हातमोज्यांकडं बघत बसली होती.

तेवढ्यात पुढच्या बाकावर वीका उभी राहिली. दोन्ही वेण्या मागं टाकल्या आणि जमेल तेवढा घोगरा आवाज काढून म्हणाली, “आणि आमच्या धाकट्या क्लेमेन्सा!”

एवढे दिवस अडून राहिलेला पोरांचा आवाज असा फुटला की मेणबत्त्या हलल्या. “आमच्यासाठी विनंती कर!”

सिस्टर बेआतानं पोरांना थांबवलं नाही. ती वेदीकडं वळली होती आणि तिचे खांदे हलत होते.

पोरं दप्तरं उचलून पळाली. वीका मात्र मागच्या बाकाकडं आली, आपला एकुलता एक हातमोजा पुढं करत. दुसरा हरवलेलाच होता.

“ओमा, तू त्याला हाक मारायला विसरतेस रोज. म्हणून आज मी मारली. चाललं ना?”

ओमानं तो ओला हातमोजा घेतला. पिळला. पाणी तिच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं, आणि ती ते बघत राहिली.

“हो गं बाई,” ती म्हणाली. “विसरलेच होते मी. उद्यापासून तूच मारत जा.”